संवादयंत्रास प्रश्न कसा विचारावा : धार व देवास येथील काही उदाहरणे

धार आणि देवास ही माळव्यातील दोन शहरे मराठी इतिहासाच्या वाचकास चांगली परिचित आहेत. परंतु या दोन्ही नावांना मराठी भाषेत स्वतंत्र अर्थही आहेत. धार शस्त्राला असते, दुधाची असते, पावसाची असते. आणि 'देवास' हे तर 'देव' या शब्दाचे विभक्तिरूपच होय. 'पेशव्यांनी देवास इनाम दिले' हे वाक्य घ्यावे. देवाला इनाम दिले, की देवास हे गाव इनाम म्हणून दिले? वाक्य मराठीत शुद्ध आहे आणि दोन्ही अर्थ संभवतात. माणूस मागचापुढचा संदर्भ पाहून अर्थ ठरवितो. अलीकडे भ्रमणध्वनीमार्फत खेडोपाडी पोहोचलेल्या चॅटबॉटला, म्हणजेच संवादयंत्राला, प्रश्नकर्ता जो संदर्भ देईल तोच प्रथम उपलब्ध होतो. तो न दिल्यास यंत्र थांबून विचारतेच असे नाही. बहुधा ते एक अर्थ गृहीत धरते आणि अस्खलित भाषेत उत्तर देऊन मोकळे होते.

धार-देवास परिसरात अनेक पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि जुन्या पेटाऱ्यात मोडी कागद अशी त्यांपैकी अनेकांची स्थिती आहे. संवादयंत्राच्या वापरातील बहुतेक अडचणी व त्यांवरील उपाय या एका परिसराच्या उदाहरणांवरून स्पष्ट होण्यासारखे आहेत.

यंत्र उत्तर कसे देते

माणसाशी लेखी संभाषण करणारा यंत्रकार्यक्रम ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' नावाचा असा कार्यक्रम प्रसिद्ध केला होता. तो समोरच्या माणसाचेच शब्द उलटसुलट करून प्रश्नरूपाने परत करी. आजच्या संवादयंत्रांची घडण निराळी आहे. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना मांडली. तिच्या आधारे पुढे मोठी भाषाप्रारूपे तयार झाली, आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाल्यानंतर हे साधन सामान्य माणसाच्या हाती आले.

अशा यंत्रास प्रथम प्रचंड प्रमाणात मजकूर दाखविला जातो. त्यावरून कोणत्या शब्दांमागे कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते आत्मसात करते. उत्तर देताना ते याच संभवाच्या आधारे शब्दामागून शब्द रचीत जाते. ग्रंथपाल कपाटातून ग्रंथ काढून पान दाखवितो, तशी ही क्रिया नव्हे. काही यंत्रे उत्तरापूर्वी महाजालावर शोध घेतात हे खरे. परंतु तेथेही सापडलेला मजकूर योग्य आहे की नाही याची जबाबदारी अखेर वाचणाऱ्यावर राहते. भाषेची सफाई आणि मजकुराची सत्यता या दोन गोष्टींचा येथे काहीएक संबंध नाही, हे एकदा नीट ध्यानात घेतले की पुढील सर्व सूचना आपोआप सुचू लागतात.

दुसरी गोष्ट मजकुराच्या प्रमाणाची. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर महाजालावर फारच थोडा आहे आणि माळव्यातील मराठी व्यवहाराचा त्याहून थोडा. देवासबाबत तर एक चमत्कारिक स्थिती आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ मध्ये काही महिने देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. त्या मुक्कामातील पत्रे व आठवणी यांचे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांनी त्याविषयी पुष्कळ लिहिले. परिणामी एका परदेशी पाहुण्याच्या काही महिन्यांच्या वास्तव्याचे वर्णन यंत्राच्या वाचनात वारंवार आलेले असणार, आणि त्याच शहरातील मराठी दप्तरे मात्र बांधलेल्या रुमालांतच राहिलेली. 'देवास संस्थान कसे होते?' असा मोघम प्रश्न केल्यास उत्तर कोणत्या बाजूस झुकेल हे सांगण्यास ज्योतिषी नको.

एक गाव, दोन राज्ये

मोघम प्रश्नाचा धोका दाखविण्यास देवासइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पहिल्या बाजीरावाच्या माळव्यातील मोहिमांबरोबर आलेले तुकोजी आणि जिवाजी पवार हे दोन बंधू येथे स्थिरावले. तुकोजींची ती थोरली पाती, जिवाजींची ती धाकटी. १८१८ मध्ये दोन्ही पाती इंग्रजांच्या संरक्षणाखाली आल्या. १८४१ नंतर प्रत्येक पातीचा कारभार स्वतंत्र झाला. तरी मुलूख एकमेकांत गुंतलेला आणि राजधानीचे गाव एकच. मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्यात आणि दुसरी बाजू दुसऱ्या राज्यात. पाण्याची व दिवाबत्तीची व्यवस्थाही दोहोंची वेगळी. १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत ही स्थिती होती.

आता 'देवासच्या महाराजांची माहिती द्या' या प्रश्नाला अर्थ किती राहतो? कोणती पाती, कोणता काळ, हे सांगितल्याखेरीज उत्तरात दोन घराण्यांची सरमिसळ होणे स्वाभाविक आहे. त्यातही नावांची पुनरुक्ती आहेच. विसाव्या शतकाच्या आरंभी देवासच्या थोरल्या पातीवर तिसरे तुकोजीराव पवार होते, आणि तेथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरील इंदुरास तिसरे तुकोजीराव होळकर. होळकरांनी १९२६ मध्ये गादी सोडली. पवार आर्थिक अडचणींत सापडून फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरीस गेले आणि १९३७ मध्ये तेथेच निवर्तले. एकाच क्रमांकाचे, एकाच नावाचे, एकाच काळातील, शेजारशेजारचे, आणि दोघेही राज्यापासून दूर झालेले! 'तिसऱ्या तुकोजीरावांनी राज्य का सोडले?' या प्रश्नावर निष्णात माणूसही 'कोणते?' असे विचारील.

हाच प्रश्न पुढीलप्रमाणे केल्यास फरक पडतो : 'देवास हे मध्य प्रदेशातील शहर आहे. त्याच्या थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव पवार, कारकीर्द १८९९ ते १९३७, यांच्याविषयी विचारीत आहे. इंदूरचे होळकर येथे अभिप्रेत नाहीत. त्यांच्या अखेरच्या वर्षांतील घटना सनावार सांगा. ज्या सनाची खात्री नसेल तेथे तसे लिहा.' प्रश्न चार-पाच वाक्यांचा झाला, परंतु त्यातील प्रत्येक वाक्याने एकेक चुकीची वाट बंद केली. प्रश्न लांब झाला म्हणून संकोच बाळगण्याचे कारण नाही. तारेप्रमाणे शब्द वाचविण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही.

धारविषयीही असेच घडते. अकराव्या शतकातील परमार राजा भोज आणि अठराव्या शतकातील मराठा पवार यांच्यामध्ये सुमारे सात शतकांचे अंतर असून त्या अवधीत दिल्लीचे सुलतान, माळव्याचे सुलतान व मोगल यांचे अंमल झाले. पवार घराणे आपला संबंध परमारांशी जोडीत असल्याने 'धारचे पवार' एवढेच म्हटल्यास दोन्ही राजवटी सलग असल्यासारखे वर्णन येऊ शकते. बाजीरावांचेही तसेच. माळव्यात पवारांना आणणारा पहिला बाजीराव. धारच्या किल्ल्यात १७७५ मध्ये जन्मलेला, रघुनाथराव व आनंदीबाई यांचा पुत्र, तो दुसरा.

प्रश्नातच उत्तर सुचविणे हाही एक दोष आहे. 'धारचे यशवंतराव पवार पानिपताहून सुखरूप परतले ना?' असे विचारल्यास यंत्र होकार देण्याकडे झुकू शकते, कारण समोरच्याशी सहमत होण्याचा कल या यंत्रांत आढळतो. 'पानिपताच्या लढाईत धारच्या यशवंतराव पवारांचे काय झाले?' असा मोकळा प्रश्न करावा. म्हणजे ते १७६१ मध्ये तेथे कामी आले, हे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. याची दुसरी बाजूही आहे. योग्य उत्तरावर 'हे चुकले आहे' असे ठासून सांगितल्यास कित्येकदा यंत्र क्षमा मागून योग्य उत्तरही बदलते. म्हणून नुसती शंका व्यक्त न करता शंकेचे कारण लिहावे.

योजना व जमिनीचे कागद

इतिहासातील चूक पुढे दुरुस्त करता येते. अर्जातील चुकीने पैसे आणि दिवस वाया जातात. या बाबतीत धार-देवासच्या मराठी कुटुंबांनी विशेष सावध राहावयास हवे. त्यांची भाषा महाराष्ट्राची, परंतु कायदा व कचेरी मध्य प्रदेशची. मराठीत विचारलेल्या प्रश्नावरून यंत्र सहजच महाराष्ट्र गृहीत धरते.

'लाडक्या बहिणीचे पैसे मिळण्यासाठी कोणते कागद लागतात?' हा प्रश्न देवासमधील एखाद्या गृहिणीने मराठीत केला असे समजावे. महाराष्ट्रात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' ही योजना २०२४ मध्ये सुरू झाली. मध्य प्रदेशात 'मुख्यमंत्री लाडली बहना' ही योजना त्यापूर्वी, २०२३ मध्ये, सुरू झाली होती. नावे जवळजवळ सारखी. अटी मात्र भिन्न. प्रारंभी मध्य प्रदेशात दरमहा एक हजार आणि महाराष्ट्रात दीड हजार रुपये ठरले होते. महाराष्ट्राच्या योजनेत कुटुंबातील एका अविवाहित स्त्रीचाही समावेश होता. मध्य प्रदेशची योजना विवाहित, तसेच विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रियांसाठी होती. शिवाय मुलींसाठी मध्य प्रदेशची 'लाडली लक्ष्मी' २००७ पासूनची आणि महाराष्ट्राची 'लेक लाडकी' २०२३ ची. चार योजनांत 'लाड' हा एकच शब्द! देवासच्या त्या गृहिणीस महाराष्ट्राच्या योजनेची कागदपत्रांची यादी मिळाली, तर ती यादी आपल्या जागी अचूक असूनही तिच्या उपयोगाची नाही.

जमिनीच्या बाबतीत शब्दच निराळे आहेत. महाराष्ट्रात सातबारा, तेथे खसरा व खतौनी. येथे फेरफार, तेथे नामांतरण. ज्यास येथे लोक तलाठी म्हणतात, तो तेथे पटवारी. महाराष्ट्राचा जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, मध्य प्रदेशची भू-राजस्व संहिता १९५९ ची. धार जिल्ह्यातील शेताबद्दल 'वारसाने सातबाऱ्यावर नाव कसे लावावे?' असे विचारणारा शेतकरी मनात खसराच धरून असतो, पण यंत्र त्याच्या शब्दाला चिकटून राहते.

अशा प्रश्नात चार गोष्टी प्रथमच लिहाव्यात : राज्य, जिल्हा, चालू वर्ष आणि कचेरीत प्रचलित असलेला मूळ शब्द. त्यापुढे एक सूचना फार उपयोगी पडते : 'उत्तर मराठीत द्या, परंतु सरकारी कागदांची, कार्यालयांची व पदांची नावे हिंदीत जशी आहेत तशीच ठेवा, त्यांचे भाषांतर करू नका.' कागदाचे नाव भाषांतरित झाले की अर्जदार खिडकीवर जाऊन अशा कागदाची मागणी करतो, जो त्या नावाने कोणाच्याच ऐकिवात नसतो.

त्याहूनही चांगला मार्ग म्हणजे योजनेचे परिपत्रक मिळवून त्यातील मजकूर यंत्रास देणे आणि 'केवळ या मजकुराच्या आधारे सांगा. यात नसलेली गोष्ट यात नाही असे लिहा' असे बजावणे. वाचून दाखविलेला कागद समजावून सांगणे हे काम ही यंत्रे पुष्कळ चांगले करतात. न पाहिलेल्या कागदाविषयी बोलणे हे तितके चांगले नाही. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यास दहा पानी परिपत्रकातून पात्रतेच्या अटी, मुदत आणि जोडावयाची कागदपत्रे वेगळी काढावयाची असल्यास हे साधन खरोखरच श्रम वाचविते. रक्कम व मुदत यांचे आकडे मात्र मूळ पानावर बोट ठेवून ताडावेत.

शेतीच्या प्रश्नांतही जागा महत्त्वाची. सोयाबीनवरील किडीबद्दल विचारताना माळव्यातील काळी जमीन, पेरणीची तारीख, वाण, पावसाचे मान आणि पानावर प्रत्यक्ष दिसणारी खूण एवढे लिहिल्यास उत्तर कामाचे मिळते. औषधाचे नाव व मात्रा मात्र यंत्राच्या भरवशावर घेऊ नये. ती कृषी विज्ञान केंद्राकडून अथवा इंदूर येथील सोयाबीन संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून पक्की करावी.

खाजगी तपशिलाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. अर्ज लिहून घेण्यासाठी आधार क्रमांक, समग्र आयडी किंवा बँकेचे खाते यंत्रास सांगण्याची मुळीच आवश्यकता नसते. नावाच्या जागी 'अर्जदार' आणि क्रमांकाच्या जागी रिकामी रेघ ठेवून मसुदा करून घ्यावा व तपशील शेवटी हाताने भरावेत.

जुने कागद आणि सुहूर सन

धार-देवासच्या कित्येक घरांत मोडीतील पत्रे, सनदा व हिशेब जपून ठेवलेले असतात. मोडीच्या अक्षरांना युनिकोड या जागतिक संकेतावलीत स्थान मिळाले ते २०१४ मध्ये. हाताने लिहिलेल्या मोडी पत्राचे छायाचित्र देऊन 'हे वाचा' म्हटल्यास यंत्र नकार देण्याऐवजी पत्रासारखा दिसणारा मजकूर रचून देण्याचा संभव असतो, आणि तो मजकूर इतका ऐटबाज असतो की मोडी न जाणणाऱ्यास संशयही येऊ नये. जाणकाराकडून पत्राचे बालबोधीत लिप्यंतर करून घ्यावे व नंतरच ते यंत्रासमोर ठेवावे. कठीण शब्दांचे अर्थ, लांब वाक्यांची फोड, पत्राचा सारांश यांसाठी त्याचे साहाय्य होते.

कालगणनेचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. समजा, एखाद्या कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असे वर्ष आहे. हे अरबी संख्याशब्द होत : इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. 'हे कोणते साल?' एवढेच विचारल्यास यंत्र ११६१ हा हिजरी सन समजण्याची शक्यता आहे. हिजरी ११६१ म्हणजे इसवी सन १७४८. परंतु मराठी दप्तरांत या पद्धतीने लिहिलेला सन हा सुहूर सन असतो. तो मृगाच्या सुमारास सुरू होतो. त्यात ५९९ मिळविले की आरंभीचे इसवी साल येते, आणि जानेवारी ते मृग या काळातील तारीख असल्यास ६०० मिळवावे लागतात. म्हणजे हा कागद १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंतचा, पानिपताच्या वर्षाचा. एका चुकीच्या गृहीताने बारा-तेरा वर्षांचा फरक पडला आणि लढाईनंतरच्या हलाखीचे पत्र लढाईपूर्वीच्या निर्धास्त काळात जाऊन बसले!

यावर उपाय सोपा आहे. 'हा सुहूर सन आहे' हे प्रश्नातच लिहावे आणि केवळ उत्तर न मागता 'प्रत्येक शब्दाची किंमत, बेरीज व इसवी सनात रूपांतर अशा पायऱ्या दाखवा' असे सांगावे. पायऱ्या मांडल्या की यंत्राची चूकही कमी होते आणि झालीच तर कोठे झाली ते दिसते. शाळेत गणिताच्या गुरुजींचा हाच आग्रह असे.

पाठाची तयारी

शिक्षकांना या साधनाचा उपयोग अधिक, आणि मोहही अधिक. पंडित कुमार गंधर्व यांच्यावर आठवीच्या वर्गासाठी पाठ तयार करावयाचा आहे, असे मानू. 'कुमार गंधर्वांवर निबंध लिहा' या आज्ञेवर जे येईल ते कोणत्याही गायकास लागू पडेल असे गुळमुळीत स्तुतिपर लेखन असेल. त्याऐवजी शिक्षकाने आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टी प्रथम मांडाव्यात : जन्म १९२४, बेळगावजवळील सुळेभावी, मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिक्षण; क्षयाच्या आजारामुळे कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये देवासला आगमन; माळव्यातील लोकगीतांचा अभ्यास; १९६५ मध्ये 'अनूपरागविलास'; १९९२ मध्ये देवास येथेच निधन. मग वर्ग, मुलांचे वय, तासिकेची मिनिटे आणि पाठाचा एकच प्रमुख मुद्दा सांगावा. आजारपणात गाणे बंद असताना कानावर पडलेल्या माळवी गीतांनी एका गायकाची दृष्टी कशी बदलली, हा मुद्दा मुलांना भिडण्यासारखा आहे. तो शिक्षकाने निवडावयाचा, यंत्राने नव्हे.

पहिला मसुदा आल्यावर संपूर्ण पाठ पुन्हा मागू नये. 'दुसऱ्या परिच्छेदातील विशेषणे काढा', 'राग हा शब्द मुलांना नवा आहे, तो घरातील उदाहरणाने समजावा', 'शेवटी तीन प्रश्न द्या, त्यांपैकी एकाचे उत्तर पाठात सरळ नसावे' अशा लहान व नेमक्या सूचना क्रमाने द्याव्यात. संभाषण एकदा चुकीच्या दिशेस गेले तर त्याच धाग्यात ओढाताण करण्यापेक्षा नवे संभाषण सुरू करणे बरे, कारण मागील चुकीचा मजकूरही यंत्र संदर्भ म्हणून वाचीत राहते.

कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांच्या निमित्ताने पाठात कबीराचे पद घ्यावयाचे असल्यास ते यंत्राकडून कदापि घेऊ नये. कबीराची नाममुद्रा घालून, छंद सांभाळून, कबीराने कधी न रचलेले पद हे यंत्र क्षणात तयार करू शकते. तीच गोष्ट तुकोबांच्या अभंगाची. असे पद एकदा फळ्यावर लिहिले गेले की चाळीस वह्यांत उतरते आणि पुढे ते कोणी कोठून आणले हे कोणालाच सांगता येत नाही. पद छापील संग्रहातून स्वतः उतरवून घ्यावे, ते यंत्रास द्यावे आणि त्यातील शब्दांचे अर्थ विचारावेत. आलेले अर्थ शब्दकोशाशी ताडून पाहावेत. आणि माळवी शब्द असेल तर वर्गातील एखाद्या माळवी घरच्या मुलास तो आजीला विचारून येण्यास सांगावे.